मांडीवरची परीक्षा

तडवी मॅडमचं बोट कीबोर्डवर टेकलं आणि माझ्या मांडीवर बसलेल्या केतकीने गालाशी धरलेला लाल मणी समोरच्या स्टीलच्या वाटीत टाकला. टण्ण.

"शाब्बास! अगं बाई, शाब्बास!" मॅडम खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "ताई, बघितलंत? कळलं तिला!"

मी बघितलं. मॅडमनी टाळ्या वाजवल्या, मी वाजवल्या, आणि आमच्या दोघींच्या तोंडांकडे बघत केतकीनेही वाजवल्या. टाळ्या तिला फार आवडायच्या. ऐकू आल्या नाहीत तरी टाळ्या दिसतात.

ही गोष्ट सतरा वर्षांपूर्वीची. केतकी तेव्हा साडेतीन वर्षांची होती, जन्मापासून बहिरी. नाशिकच्या एका दवाखान्यात तिच्या उजव्या कानामागे ऑपरेशन करून आत एक यंत्र बसवलं होतं. त्याची बारीक तार कानाच्या आतल्या शंखात गेलेली, आणि त्या तारेवर धातूच्या बावीस बारीक टिकल्या. बाहेरून कानामागे एक डबी लावायची आणि तिची चकती लोहचुंबकाने डोक्याला चिकटवायची. पण यंत्र बसवलं म्हणजे ऐकू आलं, असं नसतं. रेडिओ आणला तरी स्टेशन लावावं लागतंच. ते लावायचं काम रुबिना तडवी मॅडमचं, आणि त्याला त्या मॅपिंग म्हणत. डबी वायरने कॉम्प्युटरला जोडायची, एकेका टिकलीवर आवाज सोडायचा आणि बघायचं की किती हळू आवाज केतकीला जेमतेम कळतो आणि किती मोठा सोसतो. मोठ्या माणसाला हे विचारता येतं. एकही शब्द न समजणाऱ्या मुलीला कसं विचारणार? म्हणून ते मणी. आवाज आला की मणी वाटीत टाकायचा, नाही आला तर गालाशी धरून बसायचं.

मी जिल्हा परिषदेची शिक्षिका. निफाड तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत पहिली-दुसरीचे वर्ग माझ्याकडे. मणी, चिंचोके, वाट्या हा सगळा माझ्याच दुकानातला माल. पहिल्या खेपेला मॅडमनी खेळ समजावला तेव्हा मला वाटलं, यात काय अवघड आहे! पण त्या दिवशी केतकीने एकही मणी टाकला नाही. पाऊण तास माझ्या बांगड्यांशी खेळत बसली. मॅडम म्हणाल्या, "होतं असं, ताई. मी आवाज वाढवला की ती खेळायची थांबते, पापण्या हलवते. तेवढ्यावरून अंदाजाने लावून देते. महिन्याने या." एस.टी.त मी घर येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून रडले.

कारण ऑपरेशन माझ्या हट्टाने झालं होतं. सासूबाई म्हणत होत्या, "पोरीच्या डोक्याला भोक पाडू नका गं. देवानं दिली तशी सांभाळू." केतकीचे बाबा, प्रमोद, वीज मंडळात वायरमन. ते फार बोलत नाहीत. त्यांनी एकच विचारलं होतं, "तुझी खात्री आहे ना?" मी हो म्हणाले. "मग करू," ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून ती खात्री माझ्या डोक्यावर बसली.

आता गुडघ्याचं सांगते. तो लाल मणी पडला ती आमची दुसरी खेप. मॅडमच्या टेबलावर फुलाफुलांचं कापड होतं, चांगलं जमिनीपर्यंत आलेलं. मॅडमचं लक्ष केतकीच्या चेहऱ्यावर आणि स्क्रीनवर. माझं मात्र मॅडमच्या बोटावर. ते बोट खाली गेलं तेव्हा माझ्या जिवाची अशी काही घालमेल झाली की माझा डावा गुडघा आपोआप वर आला. केतकी त्याच गुडघ्यावर बसलेली. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि मणी टाकला.

तो गुडघा चुकून उचलला गेला, हे मी कोणाचीही शपथ घेऊन सांगेन. त्यानंतरचे सगळे मी उचलले.

आई असून असं केलं म्हणून तुम्ही नावं ठेवाल, तर ठेवा. पण मी शिक्षिकाही होते, आणि तपासणी म्हणजे काय हे मला चांगलं ठाऊक होतं. विस्तार अधिकारी शाळेत आले की वर्गाला उत्तरं यायलाच हवीत. बाईंनी खडू उजव्या हातात धरला की उत्तर 'हो' आणि डाव्या हातात धरला की 'नाही', हे माझ्या पहिलीच्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ असायचं. साहेब खूश, मुख्याध्यापक खूश, पोरं तर काय, बेहद्द खूश. साहेब गेल्यावर शिकवायला अख्खं वर्ष पडलेलं असतं. हेही तसंच, असं मी स्वतःला समजावलं. आज माझ्या लेकीला पास होऊ दे, ऐकायला मग मी तिला घरी शिकवते.

तिसऱ्या खेपेला तर आम्ही दोघी अगदी तरबेज झालो होतो. मॅडमचं बोट, माझा गुडघा, केतकीचा मणी. मॅडम आवाज खाली खाली आणत गेल्या आणि केतकी मणी टाकत गेली.

"इतक्या बारीक आवाजाला एवढी मुलं सहसा दाद देत नाहीत," मॅडम म्हणाल्या. "हुशार आहे हो पोरगी."

"वर्गात असती तर पहिला नंबर आला असता," मी म्हणाले. येताना मी पेढे घेतले.

सासूबाईंनी पेढा हातात धरला, पण तोंडात घातला नाही. "वृषाली," त्या म्हणाल्या, "पहिल्या महिन्यात मिक्सर लावला की ही थांबून बघायची. आता बघतसुद्धा नाही. यंत्र बिघडलं की काय?"

"आई, मॅडम म्हणाल्या ना, अगदी उत्तम चाललंय. त्यांना जास्त कळतं की आपल्याला?"

"तुमचं शिकलेल्यांचं बरोबरच असेल," त्या म्हणाल्या आणि पेढा देवापुढे ठेवून आल्या.

त्या महिन्यात माझं शाळेत लक्ष लागेना. घरी आले की मी केतकीच्या मागे उभी राहून डबा पाडायचे, ताटावर पळी आपटायचे, तिचं नाव घेऊन ओरडायचे. ती ठोकळ्यांवर ठोकळे रचत राहायची. मी डबी काढून बघायचे, हिरवा दिवा लुकलुकत असायचा. सेल बदलायचे. पुन्हा हाक मारायचे. मला कळत होतं, आणि मला ते कळून घ्यायचं नव्हतं.

चौथ्या खेपेच्या आदल्या दिवशी प्रमोद म्हणाले, "मी उद्या रजा टाकलीय. येतो तुमच्याबरोबर."

"तुम्ही कशाला? उगाच रजा वाया."

"बघू तरी दे मला कसं लावतात ते."

दवाखान्यात मॅडमनी नेहमीप्रमाणे वाटी आणि मणी मांडले. प्रमोद कोपऱ्यातल्या स्टुलावर टोपी मांडीवर घेऊन बसले. सुरुवात व्हायच्या आधीच ते म्हणाले, "मॅडम, एक विचारू का?"

"विचारा ना."

"आमच्या कामात असंय, खांबावर लाइन चालू असेल तर घरात दिवा लागला पाहिजे. इथं तुम्ही म्हणता लाइन चालू. घरी दिवा लागत नाही. हिच्या मागं फटाका जरी वाजवला तरी ही वळत नाही."

"अहो, काहीतरीच काय!" मी म्हणाले. "तुम्ही घरी असता तरी किती वेळ?"

"जेवढा असतो तेवढा बघतो." ते माझ्याकडे न बघताच बोलत होते. "नसेल होत तर तसं सांगा, मॅडम. आम्ही कुणाला दोष देणार नाही. पण काढून टाका ते. पोरीच्या डोक्यात उगाच कशाला ठेवायचं?"

तडवी मॅडमचं हसू मावळलं. त्यांनी फाइल उघडली, आकडे पाहिले, बराच वेळ पाहिले. "काढायची भाषा नको," त्या म्हणाल्या. "पण वेळ आपल्याकडे फार नाही. मुलं बोलायला शिकतात ती याच दोन-तीन वर्षांत. हे वय एकदा गेलं की मग यंत्र कितीही चांगलं असू दे, उपयोग थोडाच. बसा, ताई. पुन्हा बघू."

मी केतकीला मांडीवर घेतलं. मॅडम वाकून कॉम्प्युटरच्या मागे वायरशी काहीतरी खुडबुड करून परत खुर्चीवर बसल्या. केतकीने मणी गालाशी धरला. मॅडमचं बोट खाली गेलं.

माझा गुडघा वर गेला. मणी वाटीत पडला.

या वेळी 'शाब्बास' आलं नाही. मॅडमनी बोट पुन्हा दाबलं. गुडघा, मणी. पुन्हा एकदा. गुडघा, मणी. केतकी टाळ्यांसाठी मॅडमच्या तोंडाकडे बघत होती. मॅडमनी हात खाली घातला आणि वायरचं टोक टेबलावर आणून ठेवलं. ते कशालाच जोडलेलं नव्हतं.

"तिला मी आत्ता एकही आवाज पाठवला नाही," त्या म्हणाल्या.

प्रमोदना आधी उमगलं नाही. ते वायरकडे बघत होते. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी टेबलावरचं कापड एका हाताने वर केलं आणि माझ्या पायांकडे पाहिलं. माझी डावी टाच अजून वर उचललेली होती.

"कधीपासून, ताई?"

"दुसऱ्या खेपेपासून." मी टाच खाली टेकवली. "ती पास व्हावी म्हणून. मला वाटलं, एकदा पास झाली की..."

"ही परीक्षा नव्हती हो," मॅडम म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "तुम्ही खूण केली, तिने मणी टाकला. मला वाटलं, एवढा हळू आवाजही हिला कळतो. म्हणजे हिला मोठा आवाज त्रास देईल. म्हणून मी सगळे आवाज खाली आणले. पुढच्या वेळी आणखी खाली."

"म्हणजे?" प्रमोदनी विचारलं.

"म्हणजे दोन महिने तुमच्या मुलीच्या कानात जवळजवळ काहीच पोचलेलं नाही. पहिल्या महिन्यात थोडंफार येत असेल, तेही आपण बंद केलं. माझीही चूक आहे. मी नुसत्या मण्यांवर विसंबायला नको होतं."

सासूबाईंचा मिक्सर मला आठवला. केतकी थांबून बघायची तो मिक्सर. तिला ऐकू यायला लागलं होतं आणि मी, तिच्या आईने, पेढे वाटत तिचा कान बंद केला होता. मला वाटलं, प्रमोद आता काहीतरी बोलतील. ते उठले, माझ्या मांडीवरून केतकीला उचललं आणि तिला एकटीलाच एका छोट्या खुर्चीवर बसवलं. मग मला म्हणाले, "तू बाहेर थांब."

"हो, ताई, थोडा वेळ बाहेर थांबा," मॅडम म्हणाल्या. "आणि काहीही झालं तरी आत येऊ नका. खूण नाही, हसणं नाही, काही नाही."

मी बाहेर आले. दार मागे पुरतं लागलं नव्हतं, बोटभर फट राहिली. दाराला वर काचेची चौकट होती, तिच्यातून मला आतलं दिसत होतं. मॅडमनी कीबोर्डपुढे एक पुठ्ठा उभा केला, आता त्यांचं बोट कोणालाच दिसणार नव्हतं. वायर जोडली. मशीनवरून बराच वेळ काही मोजत राहिल्या. मग केतकीच्या हातात मणी दिला.

केतकीने मणी गालाशी धरला आणि वाट बघायला लागली. कशाची वाट, ते मला ठाऊक होतं. तिने खुर्चीच्या बैठकीकडे बघितलं. ती लाकडी होती, हलत नव्हती. तिने मॅडमच्या चेहऱ्याकडे बघितलं, तो कोरा होता. बाबांकडे वळून बघितलं, तर बाबा भिंतीकडे तोंड करून उभे. मग तिची नजर खोलीभर फिरली, दारावर आली, काचेवर आली आणि मी तिला सापडले.

ती माझ्याकडे बघत राहिली. भुवया वर, मणी गालाशी. आई, टाकू का? इतकं स्पष्ट वाक्य तोवर माझ्या मुलीने मला कधी विचारलं नव्हतं.

नुसती मान हलवली असती तरी तिने टाकला असता. माझी मान हलायला निघालीही होती. दोन महिन्यांची सवय होती ती. तिचा ओठ थरथरायला लागला. मला आत जाऊन तिला पोटाशी धरायचं होतं, त्या वायरी, ते मणी सगळं उधळून द्यायचं होतं. त्याऐवजी मी पाठ फिरवली.

समोर भिंत होती. भिंतीवर 'चप्पल बाहेर काढा' अशी पाटी होती. ती पाटी मी त्या दिवशी किती वेळा वाचली असेल, देव जाणे. मागे काही ऐकू येत नव्हतं. मला वाटत होतं, यंत्र खरंच गेलं असलं तर? मी दोन महिने वाया घालवले त्यात आतली नस कायमची निजली असली तर?

टण्ण.

मणी पडला होता. माझं सगळं अंग दाराकडे वळायला निघालं. पण आतून 'शाब्बास' आलं नाही. टाळी नाही, काही नाही. मी पाय जमिनीला घट्ट रोवले आणि पाटी वाचली. चप्पल बाहेर काढा.

नंतर जी शांतता पसरली ती कधी संपेल असं वाटेना. मी कान फटीला लावले नव्हते, पण माझा सबंध जीव पाठीत येऊन ऐकत होता.

टण्ण.

"शाब्बास!" मॅडमचा आवाज फुटला होता. "शाब्बास गं बाळा! आणखी एक."

टण्ण. टण्ण. मधे मोठा खंड, मग टण्ण. मी तेव्हाही वळले नाही. मॅडमनी वळा असं म्हटलं नव्हतं.

शेवटी त्यांनी सगळ्या टिकल्या एकदम चालू केल्या असाव्यात, कारण केतकीने मोठ्याने भोकाड पसरलं. घाबरल्याचं रडणं. आणि रडता रडता ती मधेच थांबली. अगदी गप्प. मग हळूच म्हणाली, "आ." पुन्हा थांबली. "आ?" स्वतःचा आवाज कुठून येतोय ते ती शोधत होती. प्रमोद मोठमोठ्याने हसत होते की रडत होते, मला कळेना, कारण माझी पाठ होती. मग दार उघडून ते बाहेर आले, माझा खांदा धरून मला वळवलं आणि म्हणाले, "दिवा लागला."

त्यानंतर सगळं भराभर झालं असं म्हणणार नाही. तिचा पहिला शब्द यायला आणखी पाच महिने गेले, आणि तो 'आई' नव्हता, 'बंद' होता. मिक्सर बंद. पण आला. मी मात्र एक करत आले. तिच्या मॅपिंगला बरोबर गेले की मी बाहेर बसते आणि दाराकडे पाठ करून बसते. शाळेत खडूही मी पुन्हा त्या कामासाठी कधी धरला नाही, त्यामुळे दोन वर्षं आमच्या शाळेचा शेरा फार काही बरा नव्हता.

केतकी आता नाशिकलाच फार्मसीला आहे. मॅपिंगला ती एकटी जाते. तडवी मॅडम निवृत्त झाल्या, नवीन मॅडम तिच्याच वयाच्या वाटतात, आणि "हा टोचतोय, हा ठीक, हा जरा वाढवा," असं ती त्यांना शिंप्याला सांगावं तसं सांगते. यंदा दिवाळीच्या सुट्टीत मी बरोबर गेले होते. ती बाहेर आली तेव्हा मी बाकावर भिंतीकडे तोंड करून बसलेली.

"आई, तू नेहमी अशी पाठ करून का बसतेस गं?"

सतरा वर्षांत तिला हे सांगायचं मी टाळलं होतं. त्या दिवशी सांगितलं. गुडघा, पेढे, वायर, काच, सगळं. पाठ फिरवल्यावर पहिला मणी पडला तेव्हा मला कसं झालं होतं तेही सांगितलं. ती डबीला बोट लावून ऐकत होती. गुडघ्याचं ऐकून हसली.

"तो पहिला मणी मी ऐकून नव्हता टाकला," ती म्हणाली.

"तुला काय आठवतंय तेव्हाचं?"

"बाकी काहीच नाही. तुझा गुडघासुद्धा नाही. पण तू काचेत होतीस आणि तू पाठ फिरवलीस, एवढं आठवतं. मला वाटलं, रागावलीस. तू वळावीस म्हणून टाकला मी तो मणी."

मला तिच्याकडे बघवेना. तिने माझा हात धरला.

"पण तू वळलीच नाहीस," केतकी म्हणाली. "मग काय करणार? बसले ऐकत."